कंपवात व निद्राविकार

कंपवात व निद्राविकार : कंपवात (पार्किन्सन रोग) हा मुख्यत्वे उतारवयात आढळणारा, सावकाश वाढत जाणारा मेंदूचा अपकर्षजन्य (ऱ्हासामुळे होणारा) रोग असून विश्रांत अवस्थेतील कंप, स्नायूंचा ताठरपणा, हालचालींतील मंदपणा आणि तोल सांभाळण्यातील असमर्थता ही त्याची चार प्रमुख लक्षणे होत. ही लक्षणे जागेपणी दिसतात व त्यांवरूनच रोगाचे निदान केले जाते. त्यामुळे कंपवात हा केवळ हालचालींचा रोग आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांमध्ये झोपेचे एक वा अनेक विकार असतात. काहींमध्ये ते हालचालींतील दोष प्रकट होण्यापूर्वी कित्येक वर्षे सुरू झालेले असतात. दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत कंपवाताच्या १४९ रुग्णांपैकी सु. ४२% रुग्णांना झोपेच्या तक्रारी असल्याचे आढळले; तुलनेसाठी घेतलेल्या इतर व्यक्तींमध्ये हे प्रमाण सु. १२% होते.

निद्रा व हालचाल यांतील संबंध चार प्रकारचा आहे. (१) हालचालींतील दोषांमुळे झोप मोडते. (२) ज्या ऱ्हासामुळे हालचाली बिघडतात तोच ऱ्हास झोपेचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रांतही होतो. (३) हालचाली सुधारण्यासाठी दिलेली औषधे झोपेवर परिणाम करतात. (४) अपुऱ्या झोपेमुळे दुसऱ्या दिवशीच्या हालचाली अधिक बिघडतात. एकाच रुग्णात हे चारही संबंध एकाच वेळी कार्यरत असू शकतात. म्हणून ‘झोप लागत नाही’ एवढ्या तक्रारीवर झोपेची गोळी देणे पुष्कळदा निरुपयोगी आणि कधीकधी अपायकारक ठरते.

इतिहास : ब्रिटिश वैद्य जेम्स पार्किन्सन (१७५५–१८२४) यांनी १८१७ मध्ये कंपवाताचे पहिले पद्धतशीर वर्णन प्रसिद्ध केले. त्यात रोग वाढल्यावर झोप अतिशय अस्वस्थ होते, या बाबीची त्यांनी नोंद केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच तंत्रिकावैज्ञानिक झां मार्तँ शार्को यांनी या रोगाला पार्किन्सन यांचे नाव दिले. आयुर्वेदात वातव्याधींच्या वर्णनात कंपाचा समावेश असून माधवनिदान या ग्रंथात ‘वेपथु’ या नावाने त्याचा उल्लेख येतो. कंपवात हे मराठीत रूढ झालेले नाव याच परंपरेतील आहे.

निद्रा व हालचाल यांचा शारीरिक संबंध प्रथम स्पष्ट झाला तो निद्रालू मस्तिष्कशोथ या साथीच्या रोगामुळे. ही साथ १९१६ नंतरच्या दशकात जगाच्या अनेक भागांत पसरली होती. व्हिएन्ना येथील कॉन्स्टंटिन फॉन इकॉनॉमो यांनी १९१७ मध्ये तिचे वर्णन केले. काही रुग्ण आठवडेच्या आठवडे झोपून राहत, तर काहींना मुळीच झोप येत नसे. त्यांतून वाचलेल्या पुष्कळांना पुढे कंपवातासारखा विकार जडला. मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी करून फॉन इकॉनॉमो यांनी असे अनुमान काढले की, अधोथॅलॅमसाच्या पुढील भागातील इजेमुळे निद्रानाश होतो आणि त्याचा मागील भाग व मध्यमस्तिष्क यांच्या संधिभागातील इजेमुळे अतिनिद्रा येते. पुढील संशोधनाने हे अनुमान मुख्यतः खरे ठरले.

कॉन्स्टंटिन ट्रेट्याकॉफ यांनी १९१९ मध्ये कंपवाताच्या रुग्णांत मध्यमस्तिष्कातील कृष्णद्रव्य या काळसर पट्ट्यातील कोशिका नष्ट होतात, असे दाखवून दिले. आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास डोपामीन या तंत्रिका-प्रेषक द्रव्याचे महत्त्व दाखविले व या कार्याबद्दल त्यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ओलेह हॉर्निकेविच यांनी १९६० मध्ये रुग्णांच्या मेंदूत डोपामिनाची कमतरता असल्याचे सिद्ध केले आणि जॉर्ज कॉत्झियास यांनी १९६७ मध्ये डोपा हे औषध मोठ्या मात्रेत तोंडाने देऊन उपचाराचे नवे युग सुरू केले. लेव्होडोपाच्या यशामुळे लक्ष हालचालींवर केंद्रित झाले व झोपेचा प्रश्न काही काळ मागे पडला.

निद्रेचे नियंत्रण : एका रात्रीच्या झोपेत सु. दीड तासाची चार ते सहा आवर्तने होतात. प्रत्येक आवर्तनात प्रथम हलकी झोप, नंतर मंद तरंगांची गाढ झोप आणि शेवटी द्रुत नेत्रगती निद्रा असा क्रम असतो. द्रुत नेत्रगती निद्रेचा शोध यूजीन ॲसेरिन्स्की व नेथन्येल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये लावला. या अवस्थेत डोळे पापण्यांआड वेगाने फिरतात, मेंदू जवळजवळ जागेपणीइतका क्रियाशील असतो व ठळक स्वप्ने याच अवस्थेत पडतात. तथापि डोळ्यांचे व श्वसनाचे स्नायू सोडून शरीराचे बहुतेक स्नायू या काळात पूर्णपणे शिथिल असतात. स्वप्नात माणूस धावत असला, तरी त्याचे पाय हलत नाहीत ते यामुळेच.

ही शिथिलता आपोआप येत नाही. ती मेंदू मुद्दाम घडवून आणतो. मस्तिष्कसेतूतील एक लहान कोशिकासमूह लंबमज्जा व मेरुरज्जू यांतील निरोधक कोशिकांना उद्दीपित करतो आणि त्या स्नायूंना जाणारे संदेश रोखून धरतात. फ्रान्समध्ये मीशेल झूव्हे यांनी मांजरांवर प्रयोग करून सेतूच्या विशिष्ट भागास इजा केल्यास झोपलेले मांजर उठून झडप घालणे, पाठलाग करणे यांसारख्या क्रिया करते, असे १९६० नंतरच्या दशकात दाखवून दिले.

मस्तिष्कस्तंभाच्या याच परिसरात चालणे व तोल सांभाळणे यांत सहभागी असणारे केंद्रकही आहे (पादक-सेतू केंद्रक). त्याचा तलीय गुच्छिकांशी निकटचा संबंध असून जागृतावस्था व द्रुत नेत्रगती निद्रा यांच्या नियमनातही ते भाग घेते. सेतूतील नील केंद्रक जागृती टिकविते. जागृती स्थिर ठेवणाऱ्या ओरेक्झिन या द्रव्याची निर्मिती अधोथॅलॅमसात होते. कंपवातात कृष्णद्रव्याबरोबर या सर्व स्थानी कमीअधिक कोशिकानाश झाल्याचे आढळते. निद्रा व हालचाल यांच्यातील विकार एकत्र का येतात, याचे शारीरिक स्पष्टीकरण येथे मिळते.

हालचालींच्या दोषांमुळे होणारा निद्राभंग : निरोगी व्यक्ती झोपेत अनेकदा कूस बदलते व तिला त्याची जाणीवही नसते. कंपवाताच्या रुग्णाला जागेपणी जशी हालचाल सुरू करणे जड जाते, तसेच रात्री कूस बदलणे जड जाते. धड व कंबर यांची एकत्रित वळण्याची क्रिया बिघडलेली असते. रुग्ण तासन्‌तास एकाच कुशीवर पडून राहतो, खांदा व पाठ दुखू लागतात आणि झोप मोडते. पुष्कळ रुग्णांना कूस बदलण्यासाठी घरातील माणसास उठवावे लागते. कंप मात्र गाढ झोपेत बहुधा थांबतो. हलक्या झोपेत किंवा जाग येताना तो पुन्हा सुरू होतो व परत झोप लागणे कठीण होते.

या अडचणी रात्रीच का वाढतात, याचे एक कारण औषधाच्या कालावधीत आहे. लेव्होडोपाचे रक्तातील प्रमाण सु. दीड तासात निम्म्यावर येते. दिवसा दर काही तासांनी मात्रा घेतली जाते. परंतु रात्री आठ-नऊची शेवटची मात्रा आणि सकाळची पहिली मात्रा यांमध्ये नऊ ते दहा तासांचे अंतर पडते. रोगाच्या प्रारंभी मेंदूत शिल्लक असलेल्या कोशिका डोपामीन साठवून हे अंतर भरून काढतात. रोग वाढल्यावर साठविण्याची ही क्षमता कमी होते आणि मध्यरात्रीनंतर शरीर ताठर होते. पहाटे पावलाचे स्नायू वेदनापूर्वक आखडणे, अंगठा वर वळणे किंवा बोटे आत वळणे हेही औषधाचा प्रभाव ओसरल्याचे चिन्ह असते.

रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे ही रुग्णांची सर्वांत सामान्य तक्रार होय. तीमध्ये मूत्राशयाचे नियंत्रण करणाऱ्या तंत्रिकांचा दोष आणि हालचालींचा दोष एकत्र येतात. लघवीची भावना तीव्र असते, पण उठून बसणे व चालणे मंद असते. अंधारात घाई केल्याने पाय जमिनीला खिळून राहतात व रुग्ण पडतो. वृद्ध रुग्णांतील मांडीचे हाड मोडण्याच्या अनेक घटना अशा प्रकारे घडतात.

पाय हलविण्याची अनिवार इच्छा होणे व हलविल्यावर तात्पुरते बरे वाटणे, हे अस्वस्थ पाय या विकाराचे लक्षण आहे. तो संध्याकाळी व रात्री बळावतो. शरीरातील लोहाच्या साठ्याची कमतरता हे त्याचे एक कारण असल्याने रक्तातील फेरिटिनाची तपासणी करणे इष्ट असते. झोपेत श्वसन खंडित होण्याचा विकारही काही रुग्णांत आढळतो. मोठे घोरणे व मधूनमधून श्वास थांबणे यांवरून त्याची शंका येते.

स्वप्नानुवर्ती निद्राविकार : द्रुत नेत्रगती निद्रेतील स्नायूंची शिथिलता नष्ट झाल्यास व्यक्ती आपले स्वप्न प्रत्यक्ष कृतीत आणू लागते. अमेरिकेतील मिनेसोटा येथील कार्लोस शेंक व मार्क महोवाल्ड यांनी या विकाराचे वर्णन १९८६ मध्ये केले. रुग्ण झोपेत ओरडतो, शिव्या देतो, हात उगारतो, लाथा झाडतो किंवा पलंगावरून उडी मारतो. स्वप्ने बहुधा कोणी पाठलाग करीत आहे, कुत्रे वा चोर अंगावर आला आहे, अशा प्रकारची असतात व रुग्ण त्यांत स्वतःचा किंवा कुटुंबीयांचा बचाव करीत असतो. जागे केल्यास तो लगेच सावध होतो व स्वप्न सांगू शकतो. झोपेत चालण्याच्या विकारात असे सहसा घडत नाही. तो विकार गाढ झोपेत व रात्रीच्या पहिल्या भागात उद्‌भवतो, तर स्वप्नानुवर्ती विकार द्रुत नेत्रगती निद्रा अधिक असलेल्या उत्तररात्री जास्त आढळतो. कंपवाताच्या सु. एक-तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत हा विकार असतो.

या विकाराचे महत्त्व त्याच्या पूर्वसूचक स्वरूपात आहे. शेंक व सहकाऱ्यांनी पन्नाशी उलटलेल्या अशा २९ पुरुषांचे निरीक्षण केले. त्यांपैकी ३८% जणांत काही वर्षांत कंपवातसदृश रोग दिसू लागल्याचे त्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. याच गटाचा पाठपुरावा चालू ठेवल्यावर कंपवात किंवा तत्सम रोग होणाऱ्यांचे प्रमाण सु. ८१% झाल्याचे २०१३ मध्ये आढळून आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील २४ केंद्रांच्या व १,२८० रुग्णांच्या अभ्यासात दर वर्षी सु. ६·३% व बारा वर्षांत सु. ७३·५% व्यक्तींना असा रोग जडल्याचे दिसले. यात कंपवाताखेरीज ल्यूई पिंडयुक्त बुद्धिऱ्हास व बहुतंत्र अपकर्ष या रोगांचाही समावेश आहे.

स्वप्नानुवर्ती विकार अगोदर का येतो, याचे स्पष्टीकरण जर्मन शारीरविज्ञ हायको ब्राक व सहकारी यांनी २००३ मध्ये मांडलेल्या टप्प्यांच्या कल्पनेने मिळते. कंपवातात अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाचे असाधारण साठे तंत्रिका कोशिकांत तयार होतात. ल्यूई पिंड या नावाने ते ओळखले जातात. ब्राक यांच्या मते हे साठे प्रथम लंबमज्जेतील केंद्रकांत व गंधज्ञानाच्या कंदात, नंतर सेतूत आणि त्यानंतर मध्यमस्तिष्कातील कृष्णद्रव्यात दिसू लागतात. या क्रमानुसार बद्धकोष्ठता व वास न येणे, त्यानंतर स्वप्नानुवर्ती विकार आणि शेवटी कंप व मंदपणा अशी लक्षणांची मालिका तयार होते. सर्वच रुग्णांत हा क्रम आढळत नाही. काहींत रोगाचा आरंभ मेंदूच्या वरच्या भागात होतो व त्यांच्यामध्ये स्वप्नानुवर्ती विकार उशिरा येतो किंवा येतही नाही, असे अलीकडे मानण्यात येते.

ज्या रुग्णांत कंपवात व स्वप्नानुवर्ती विकार हे दोन्ही असतात, त्यांच्यात कंपापेक्षा ताठरपणा व मंदपणा अधिक असतो. तसेच चालताना पाय अडखळून थांबणे, तोल जाणे व पुढे बुद्धीचा ऱ्हास होणे यांचे प्रमाणही अधिक असते, असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. त्यामुळे रात्रीचे हे लक्षण दिवसाच्या रोगाचा पुढील मार्ग ठरविण्यासही उपयोगी पडते.

झोपेतील सुलभ हालचाली : पॅरिस येथील इझाबेल आर्न्युल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. दिवसा मंद, अडखळत्या हालचाली करणारे व क्षीण आवाजात बोलणारे रुग्ण स्वप्नानुवर्ती अवस्थेत जोरदार, वेगवान व सफाईदार हालचाली करतात आणि मोठ्या, स्पष्ट आवाजात बोलतात, असे शेजारी झोपणाऱ्या जोडीदारांनी सांगितले. ध्वनी-चित्रमुद्रणानेही त्यास दुजोरा मिळाला. यावरून हालचालींचे आदेश देणारा प्रमस्तिष्क बाह्यकाचा भाग व स्नायू हे दोन्ही कार्यक्षम असतात आणि झोपेतील या हालचाली तलीय गुच्छिकांतील सदोष मार्ग टाळून होत असाव्यात, असे अनुमान काढण्यात आले. कंपवातातील असमर्थता ही शक्तीच्या अभावामुळे नसून शक्ती वापरात आणणाऱ्या यंत्रणेतील बिघाडामुळे आहे, हे त्यावरून लक्षात येते. शुश्रूषा करणाऱ्यांच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. रात्री जोरात लाथ मारणारा मनुष्य दिवसा उठत नाही तो आळसामुळे किंवा हट्टामुळे, असा ग्रह होण्याचा संभव असतो. तो निराधार आहे.

काही रुग्णांना सकाळी उठल्यावर, औषध घेण्यापूर्वीच, काही काळ हालचाली सुलभ झाल्याचा अनुभव येतो. यास निद्रालाभ म्हणतात. विश्रांतीच्या काळात उरलेल्या कोशिकांत डोपामिनाचा साठा भरून येत असावा, अशी एक कल्पना आहे. परंतु तिला निर्णायक पुरावा मिळालेला नाही. याउलट अपुऱ्या झोपेनंतरचा दिवस जड जातो. गाढ, मंदतरंगी निद्रा अधिक असलेल्या रुग्णांत हालचालींतील दोष तुलनेने सावकाश वाढतात, असा संबंध २०१९ मधील एका स्विस अभ्यासात आढळला. मात्र संबंध आढळला म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध झाला असे होत नाही.

दिवसा येणारी झोप : रात्रीची झोप नीट झाली, तरीही काही रुग्णांना दिवसा अनावर झोप येते. जागृतीच्या केंद्रांचा ऱ्हास हे तिचे एक कारण व औषधे हे दुसरे कारण होय. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रामिपेक्सोल व रोपिनिरोल ही डोपामीनसदृश औषधे घेणाऱ्या आठ रुग्णांना वाहन चालविताना एकाएकी झोप लागून अपघात झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ही औषधे सुरू करताना रुग्णाला वाहन चालविण्याबाबत सूचना देण्यात येते. उपनगरी गाडीच्या दारात उभे राहून प्रवास करणाऱ्या, यंत्रावर किंवा विस्तवाजवळ काम करणाऱ्या रुग्णांनाही ही सूचना तितकीच लागू आहे.

निदान : निद्राविकाराचे निदान मुख्यत्वे प्रश्नोत्तरांनी होते. रुग्णाला स्वतःच्या रात्रीची पुरती कल्पना नसते. त्यामुळे शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीची साक्ष महत्त्वाची ठरते. लंडन येथील के. रे चौधरी व सहकारी यांनी २००२ मध्ये कंपवाताच्या रुग्णांसाठी पंधरा प्रश्नांची निद्रामापनश्रेणी तयार केली. झोप लागणे, झोप टिकणे, कूस बदलणे, लघवीस उठणे, पहाटेच्या वेदना व दिवसाची झोप यांविषयीचे प्रश्न तीत आहेत. निश्चित निदानासाठी बहुमार्गी निद्रालेखन करतात. त्यात मेंदूचे तरंग, डोळ्यांची हालचाल, हनुवटी व पाय यांच्या स्नायूंचे विद्युत् आलेख, श्वसन व रक्तातील ऑक्सिजन यांची रात्रभर नोंद घेतली जाते. द्रुत नेत्रगती निद्रेत हनुवटीच्या स्नायूंचा ताण टिकून असल्यास स्वप्नानुवर्ती विकाराचे निदान पक्के होते. नैराश्यावरील काही औषधांमुळेही असा विकार उद्‌भवू शकतो. म्हणून चालू औषधांची चौकशी अवश्य करावी लागते.

उपचार : उपचाराची पहिली पायरी म्हणजे निद्राभंगाचे कारण ठरविणे. मध्यरात्रीनंतर ताठरपणा येत असल्यास झोपण्यापूर्वी लेव्होडोपाची दीर्घकाल विरघळणारी मात्रा किंवा दीर्घकाळ परिणाम करणारी डोपामीनसदृश औषधे देतात. रोटिगोटीन हे औषध त्वचेवर लावावयाच्या पट्टीतून चोवीस तास शोषले जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८७ रुग्णांच्या चाचणीत या पट्टीमुळे सकाळच्या हालचाली व रात्रीची झोप या दोन्हींत सुधारणा झाली. हालचाल सुधारली की झोप सुधारते, हे तत्त्व या चाचणीने अधोरेखित केले. सेलेजिलीन व अमँटाडीन ही औषधे झोप उडवीत असल्याने ती संध्याकाळी देत नाहीत. अधःथॅलॅमस केंद्रकाच्या खोल उद्दीपनाच्या शस्त्रक्रियेने कूस बदलणे सुलभ होऊन झोपेचे सातत्य वाढते. स्वप्नानुवर्ती विकार मात्र तीमुळे सहसा जात नाही.

स्वप्नानुवर्ती विकारासाठी मेलॅटोनीन किंवा झोपण्यापूर्वी क्लोनाझेपामाची अल्प मात्रा वापरतात. क्लोनाझेपामाने तोल जाणे, सकाळची गुंगी व झोपेतील श्वसनरोध वाढू शकतो; म्हणून वृद्धांत ते जपून देतात. या औषधांमुळे लक्षण आवरते. मूळ रोगाची वाढ थांबत नाही.

खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असते. मद्रास येथील एम. दामोदरन व आर. रामस्वामी यांनी १९३७ मध्ये ते या बियांतून वेगळे केले होते. या वनस्पतीचे चूर्ण अनेक रुग्ण गोळ्यांच्या जोडीने स्वतःच्या मनाने घेतात. तसे केल्याने लेव्होडोपाची एकूण मात्रा नकळत वाढून अनैच्छिक हालचाली, भीतिदायक स्वप्ने व भास होण्याचा धोका असतो. यासाठी ते घेत असल्याची माहिती वैद्यास दिली पाहिजे.

शुश्रूषा : औषधांइतकेच महत्त्व रात्रीच्या व्यवस्थेस आहे. जमिनीवर अंथरलेल्या गादीवरून उठणे रुग्णास फार कठीण जाते. गुडघ्याच्या उंचीचा, कडक गादीचा पलंग सोयीचा असतो. स्वप्नानुवर्ती विकार असल्यास मात्र पलंग ठेंगणा असावा, बाजूस जमिनीवर गादी अंथरावी आणि टोकदार फर्निचर, काचेचा तांब्या-पेला व टेबलपंखा दूर ठेवावा. जड गोधडी व खरखरीत चादर यांमुळे कूस बदलण्यास अडथळा होतो; अंगाखाली कमरेच्या भागात गुळगुळीत कापड घातल्यास वळणे सोपे जाते. पलंगाच्या कडेस धरावयास दांडा असावा. मच्छरदाणीत पाय अडकून पडण्याची भीती असते. संध्याकाळनंतर चहा व पाणी बेताने घ्यावे, पलंगाजवळ लघवीचे भांडे ठेवावे व मोरीपर्यंतच्या वाटेवर मंद दिवा चालू असावा. प्रथिनांतील ॲमिनो अम्ले लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा आणतात. म्हणून लेव्होडोपा जेवणाच्या सु. अर्धा तास अगोदर घ्यावे व ते दुधाबरोबर घेऊ नये. सकाळचे ऊन, नियमित व्यायाम आणि दुपारची अल्प झोप यांनी रात्र-दिवसाचे चक्र टिकण्यास मदत होते.

सामाजिक बाजू : महाराष्ट्रात या रोगाच्या प्रसारासंबंधीची एक महत्त्वाची पाहणी मुंबईतील पारशी समाजात झाली. नादिर भरुचा व सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींतील १४,०१० रहिवाशांची घरोघर पाहणी करून तिचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत कंपवाताचे ४६ रुग्ण आढळले. म्हणजे दर लाखास सु. ३२८ हे प्रमाण होते. या समाजात वृद्धांची संख्या अधिक असणे हे उच्च प्रमाणाचे एक कारण होय. अशा पाहण्यांत रोगी ओळखला जातो तो हालचालींवरून. त्यापूर्वीच्या अस्वस्थ रात्री गणनेत येत नाहीत.

ठाणे, कल्याण, डोंबिवली यांसारख्या शहरांत एक-दोन खोल्यांच्या घरांत दोन-तीन पिढ्या एकत्र झोपतात. रुग्णाची रात्र ही अशा घरात सर्व कुटुंबाची रात्र होते. पहाटेची गाडी गाठणारा मुलगा व दिवसभर शुश्रूषा करणारी पत्नी किंवा सून यांची झोप वर्षानुवर्षे मोडत राहते. शुश्रूषा करणाऱ्याची थकावट हे रुग्णाची घरी काळजी घेणे अशक्य होण्याचे एक प्रमुख कारण ठरते. दुसरीकडे, एकत्र झोपण्याच्या या पद्धतीमुळे रात्रीच्या लक्षणांना साक्षीदार मिळतात, हा तिचा एक उपयोगही आहे. मात्र झोपेतील ओरडणे व मारणे यांचा अर्थ बाहेरची बाधा, मनातील राग किंवा पूर्वायुष्यातील दुष्कृत्य असा लावला जातो. नवऱ्याचा हात लागून झालेली इजा पत्नी संकोचाने लपविते. स्वप्नानुवर्ती अवस्थेतील कृती सहेतुक नसते आणि तिचा रुग्णाच्या स्वभावाशी संबंध नसतो, हे कुटुंबास समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. मुंबईत २००१ मध्ये स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ या संस्था रुग्ण व कुटुंबीय यांच्यासाठी सभा घेऊन या प्रकारचे लोकशिक्षण करतात.

ज्याला अद्याप कंप किंवा मंदपणा नाही, पण स्वप्नानुवर्ती विकार निश्चित झाला आहे, अशा व्यक्तीस भावी रोगाच्या शक्यतेची माहिती द्यावी किंवा नाही, याबद्दल तज्ञांत मतभेद आहेत. कंपवात टाळणारे किंवा त्याची वाढ निश्चितपणे थांबविणारे औषध अद्याप उपलब्ध नसल्यामुळे अशी माहिती काहींच्या मनावर व्यर्थ ओझे ठरते. तथापि तीमुळे व्यायाम सुरू करणे, झोपण्याच्या जागेची सुरक्षितता पाहणे, घरातील आर्थिक व्यवस्था वेळीच लावणे आणि नव्या औषधांच्या चाचण्यांत सहभागी होणे शक्य होते. त्या व्यक्तीला किती जाणून घ्यावयाचे आहे, हे प्रथम विचारून मगच माहिती देणे योग्य, असे मत सामान्यतः मांडले जाते. हालचाली बिघडण्यापूर्वीच्या या कालखंडात औषधयोजना केल्यास कृष्णद्रव्यातील कोशिका वाचविता येतील काय, हा या विषयातील संशोधनाचा सध्याचा मुख्य प्रश्न आहे.